सारखे दिसणारे मासे

शोभेच्या माशांच्या दुकानात संध्याकाळी दिवे लागले, की काचेच्या पेट्यांसमोर लहानमोठ्यांची दाटी होते. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी अशा माशांचा बाजार भरतो. चेन्नईचा कोळत्तूर हा भाग तर या माशांच्या पैदाशीसाठी आणि व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पेट्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचते, बोटाने मासा दाखवते आणि पाण्याने भरलेली पिशवी हाती धरून आनंदाने घरी जाते. परंतु चिठ्ठी माणसाने लिहिलेली असते. कधी विक्रेत्यालाच दोन जातींतील भेद ठाऊक नसतो, कधी एका पेटीत दोन जाती मिसळलेल्या असतात. खरी ओळख माशाच्या अंगावरच शोधावी लागते.

अगदी साधे उदाहरण सोनमाशाचे. सोनमासा चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ पाळला जात आहे. त्याच्यासारखाच तांबडा-पांढरा दिसणारा कोई हा मासा मात्र जपानात साध्या कार्प माशापासून तयार झाला. बोटाएवढी पिल्ले असताना दोघांत फरक करणे कठीण वाटते. पण तोंडाकडे पाहिले की शंका राहत नाही. कोईच्या ओठांजवळ मिशांच्या दोन बारीक जोड्या असतात, सोनमाशाला मिशा मुळीच नसतात. ही खूण लहान असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. त्याला बागेतील हौद हवा, दिवाणखान्यातील पेटी नव्हे. सोनमासाही वीतभर होतो, त्यामुळे चित्रांत दिसणारे काचेचे वाटोळे भांडे त्यालासुद्धा तुरुंगच ठरते.

निऑन टेट्रा आणि कार्डिनल टेट्रा या जोडीची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. दोन्ही मासे दक्षिण अमेरिकेतील, दोन्ही इवलेसे, आणि दोघांच्याही अंगावर वर निळा व खाली तांबडा असे झळझळीत पट्टे असतात. निऑन टेट्रा अमेझॉन नदीच्या पश्चिमेकडील प्रवाहांत सापडतो. १९३६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि विल्यम इनेस या मत्स्यपालन-लेखकाच्या नावावरून त्याला 'इनेसी' असे नाव दिले. कार्डिनल टेट्रा ओरिनोको आणि रिओ नेग्रो या नद्यांच्या खोऱ्यांतला. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. अरण्यातील कुजलेल्या पानांमुळे तिचे पाणी चहासारखे गडद दिसते. ब्राझीलमधील बार्सेलोस या गावचे मच्छीमार होड्यांतून जाऊन हे मासे लहान जाळ्यांनी पकडतात, आणि तेथून ते जगभर जातात.

कार्डिनलच्या नावावरून तर शास्त्रज्ञांतच चुरस झाली. १९५६ च्या फेब्रुवारीत लिओनार्ड शुल्ट्झ यांनी त्याला एक नाव दिले. मायर्स आणि वाइट्समन या दोघांनी स्वतंत्रपणे दुसरे नाव दिले. पहिले नाव २० तारखेला छापले गेले, दुसरे २१ तारखेला. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम असा, की जे नाव आधी प्रसिद्ध होईल ते मान्य व्हावे. एका दिवसाच्या फरकाने शुल्ट्झ यांचे नाव कायम झाले! विद्वान माणसे एका बोटभर माशासाठी तारखा मोजतात याचे कोणाला हसू येईल. पण नाव निश्चित नसेल तर एकाने लिहिलेली माहिती दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

आता या दोघांना ओळखावे कसे? निळ्या पट्ट्याकडे पाहून निर्णय घेणे धोक्याचे आहे. तो निळा रंग मुळात रंगद्रव्याचा नव्हेच. माशाच्या त्वचेतील पेशींमध्ये ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अत्यंत पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात. त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो, तेव्हा निळी झळाळी दिसते. प्रकाश बदलला की झळाळी बदलते. पाहणाऱ्याने मान वळवली तरी तिची छटा पालटते. तांबडा पट्टा मात्र खऱ्या रंगद्रव्याचा असतो, म्हणून विश्वास त्याच्यावर ठेवावा. निऑनचा तांबडा पट्टा शरीराच्या मध्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जातो, आणि पुढच्या अर्ध्या भागात पोट रुपेरी दिसते. कार्डिनलचा तांबडा पट्टा डोक्याच्या मागून थेट शेपटीपर्यंत अखंड असतो. याच कुळातील तिसरा भाऊ म्हणजे हिरवा निऑन. तो या दोघांहून लहान असतो आणि त्याचा तांबडा रंग अगदी फिका असतो. त्यामुळे त्याला पुष्कळदा 'आजारी निऑन' समजून बाजूला सारतात.

निऑनऐवजी कार्डिनल घरी आला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. किंमत जास्त पडते, ही त्यातली लहान गोष्ट. बाजारात येणारे निऑन बहुतांशी पेट्यांत व हौदांत जन्मलेले असतात; माणसाने दिलेल्या पाण्याची त्यांना पिढ्यान्पिढ्यांची सवय झालेली असते. रानात पकडलेला कार्डिनल मात्र मऊ, किंचित आम्ल आणि उबदार पाण्यातून आलेला असतो. निऑनला बावीस-तेवीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. कार्डिनलला पंचवीस ते अठ्ठावीस अंश बरे वाटते. ज्या विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, अशा दुष्फेन पाण्यात त्याला एकाएकी सोडले तर तो कोमेजतो, आणि पाळणाऱ्याला कारण कळत नाही.

शेवाळ खाणाऱ्या माशांच्या बाबतीत फसगत याहून अधिक होते. पेटीच्या काचेवर हिरवा थर साचू लागला, की लोक शेवाळ खाणारा मासा मागतात, आणि त्या एका नावाखाली निदान चार निरनिराळे मासे विकले जातात. चौघेही लांबट असतात, चौघांच्याही कुशीवरून काळी रेघ जाते. खरा सयामी शेवाळखाऊ ओळखण्यासाठी नजर शेपटीवर ठेवावी. त्याची काळी रेघ नाकापासून निघून शेपटीच्या पराच्या अगदी टोकापर्यंत जाते, आणि अंगावरील बाकीचे पर काचेसारखे पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्स नावाच्या माशाच्या काळ्या रेघेवर सोनेरी रेघ असते, शिवाय त्याच्या परांवर काळा रंग व पांढऱ्या कडा असतात. तिसऱ्या, म्हणजे तोतया माशाची रेघ शेपटीच्या मुळाशीच थांबते.

चौथ्याला चिनी शेवाळखाऊ म्हणतात, जरी त्याचे माहेर थायलंड-कंबोडियाकडील नद्यांत आहे. त्याचे तोंड खालच्या बाजूला असून चोषकासारखे असते. त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटून राहतो. तोंड असे गुंतलेले असताना श्वास कसा घ्यावा? निसर्गाने त्याची सोय केली आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर पाणी आत घेण्यासाठी वेगळे छिद्र असते. त्यातून पाणी आत जाते आणि खालच्या फटीतून बाहेर पडते. अशी रचना माशांत फार विरळा आहे. परंतु कौतुक वेगळे आणि शेजार वेगळा. लहानपणी शेवाळ खाणारा हा मासा वीतभर मोठा झाला की भांडखोर बनतो. सोनमाशासारख्या संथ माशाच्या कुशीला चिकटून तो त्याच्या अंगावरील श्लेष्म खरवडतो, आणि तेथे जखमा होतात. अशा वेळी पाळणाऱ्याला वाटते की सोनमाशाला रोग झाला.

'सकर' या नावाने विकला जाणारा काळपट, खडबडीत मासाही याच कामासाठी नेतात. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पुढे फूट-दीड फुटाचा होतो. त्याच्याचसारखा दिसणारा ब्रिसलनोज नावाचा मासा पाचसहा इंचांवर थांबतो. मोठ्या नराच्या तोंडावर कोंब फुटल्यासारखे मऊ काटे येतात, त्यावरून तो सहज ओळखू येतो. पण पिल्लांना हे काटे नसतात. तेव्हा पिल्लू पाठीवरील पर उभारील तोवर धीर धरावा आणि त्या परातील काड्या मोजाव्यात. ब्रिसलनोजच्या परात सात-आठ काड्या असतात. मोठ्या सकरच्या परात त्या दहा किंवा अधिक असून तो पर शिडासारखा उंच दिसतो. हे मोजणे टाळल्याचे परिणाम पेटीबाहेरही पोचले आहेत. पेटीत मावेनासे झालेले सकर लोकांनी नद्यांत व तळ्यांत सोडून दिले, आणि ते तेथे वाढले. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत ते येऊ लागले. त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही.

ओळख चुकल्याने माशाच्या जातीलाच धोका संभवतो, याचे उदाहरण आपल्याच पश्चिम घाटात आहे. केरळातील नद्यांत काळा व तांबडा पट्टा असलेला एक देखणा मासा राहतो. त्याला 'मिस केरळ' म्हणतात. १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी त्याचे वर्णन केले. पुढे १९९९ साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की चालक्कुडी नदीत त्याच्यासारखाच, परंतु पाठीवरच्या परावर मोठा काळा डाग असलेला, वेगळा मासा आहे. २०१३ साली या दोघांसाठी नवी प्रजाती कल्पिली गेली आणि सह्य पर्वतावरून तिला 'सह्याद्रिया' हे नाव मिळाले. ते देणाऱ्या चार संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. व्यापारात हे दोन्ही मासे एकाच नावाने गेले. साहजिकच, लहानशा प्रदेशात राहणाऱ्या दुसऱ्या माशापैकी किती नाहीसे झाले याचा निराळा हिशेब कोण ठेवणार? मिस केरळ पकडण्यावर केरळ सरकारने २००८ मध्ये निर्बंध घातले.

याच्या अगदी उलट प्रकारही असतो. मासा एकच, पण जाती अनेक भासवल्या जातात. भारतातील गोड्या पाण्यात काचमासा नावाचा लहान मासा आढळतो. त्याचे अंग इतके पारदर्शक, की आतील काटा न् काटा दिसतो. दुकानांत कधी त्याच्या अंगावर गुलाबी, हिरव्या वा निळ्या रेघा दिसतात आणि प्रत्येक रंगाला जणू निराळी जात म्हणून भाव सांगतात. या रेघा निसर्गाच्या नव्हेत. जिवंत माशाच्या अंगात सुईने रंग टोचलेला असतो. कित्येक मासे त्यातच मरतात, वाचलेल्यांना रोग लवकर जडतो, आणि काही महिन्यांत रंगही विरून जातो. खऱ्या रंगाची सीमा खवल्यांच्या व परांच्या ठेवणीला धरून असते. टोचलेला रंग तसे काही पाळत नाही, आणि दोन्ही कुशींवर तो सारखा उतरत नाही. मासा दोन्ही बाजूंनी वळेपर्यंत पाहत राहिले तर हे लक्षात येते.

दुकानात जाताना माशांची चित्रे असलेले पुस्तक बरोबर असावे. विक्रेत्याला बाजारातले नाव विचारण्यापेक्षा हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, असे विचारावे. जाणता विक्रेता या प्रश्नाने खूश होतो. सकाळी दुकान उघडताच मात्र निऑन आणि कार्डिनल निवडू नयेत. रात्रीच्या अंधारात त्यांची झळाळी मालवलेली असते आणि सगळेच मासे राखी, निस्तेज दिसतात. पेटीवरचा दिवा लागून थोडा वेळ गेला, की निळा पट्टा हळूहळू उजळू लागतो, तांबडा रंग भरून येतो, आणि मग तो पोटाच्या मध्यावर सुरू होतो की डोक्यापासून, ते स्वस्थपणे पाहता येते.