पाउचनंतर पुन्हा त्रास?

प्रश्न : अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे माझं मोठं आतडं काढून लहान आतड्याचा पाउच केला. दोन वर्षं बरी होते. आता दिवसाला बारा वेळा जावं लागतं, कधी रक्तही दिसतं. ऑपरेशन फसलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घाबरू नका, ऑपरेशन फसलेलं नसावं. पाउच असताना दिवसाला ४ ते ८ वेळा शौचास होणं नेहमीचंच. त्याहून वाढ, घाई, पोटात कळ, कणकण ही पाउचला सूज आल्याची लक्षणं. ती बहुधा दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने आटोक्यात येते. रक्त बऱ्याचदा गुदाशयाच्या उरलेल्या अस्तरातून येतं. त्याचे उपचार वेगळे. म्हणून मनाने औषध घेऊ नका, दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळा, ओआरएस घ्या. ताप चढला, लघवी कमी झाली किंवा रक्त वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.