घरातील जुन्या कापडाचा काटकसरीने उपयोग

शेतकऱ्याच्या घरात जुने कापड सहसा फेकले जात नाही. विरलेले लुगडे, फाटलेले धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे, रिकामी पोती हे सर्व बोचक्यात बांधून माळ्यावर टाकलेले असते. परंतु कापड ठेवणे आणि ते उपयोगात आणणे या दोन निराळ्या गोष्टी होत. पुष्कळ घरी हे बोचके उंदीर व वाळवी यांच्याच उपयोगी पडते, आणि त्याच घरात पावसाळ्याच्या तोंडावर पांघरुणे विकत आणली जातात. चैत्र-वैशाखात रानातील कामे थोडी कमी असतात व ऊनही कडक असते. बोचके सोडून कापड धुण्यास, वाळविण्यास व निवडण्यास याहून सोयीचा काळ नाही.

निवड करताना प्रथम कापडाचा जीव पाहावा. कापड उजेडासमोर धरले असता जेथे जाळीसारखे दिसते तेथे ते विरले आहे असे समजावे. नंतर दोन्ही अंगठ्यांत धरून ते उभ्या व आडव्या अशा दोन्ही दिशांनी ताणावे. ताणताच चर्र असा आवाज होऊन धागे सुटू लागले, तर त्या भागावर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. ठिगळ टिकेल, पण त्याच्या कडेने मूळ कापड फाटत जाईल. मात्र एक भाग विरला म्हणून सबंध वस्त्र टाकाऊ ठरत नाही. लुगडे बसण्याच्या जागी व टाचेशी घासणाऱ्या काठावर आधी जाते. त्याचा पदर बहुधा शाबूत राहतो. सदरा कॉलर, कोपर व काखेत जातो, ओझी वाहणाऱ्याचा खांद्यावर जातो. त्याचा पुढील खालचा भाग पुष्कळदा नव्यासारखा असतो. पायजमा गुडघ्यावर फाटतो, पण पोटऱ्यांकडील कापड घट्ट असते. याचे भान ठेवून कातर चालवावी.

दुसरी परीक्षा कापडाच्या जातीची. आता खेड्यांतूनही बहुतेक साड्या कृत्रिम धाग्यांच्या किंवा मिश्र सुताच्या असतात, व केवळ हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून फरक कळतोच असे नाही. कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून मोकळ्या जागी पेटवून पाहावेत. सूत कागदाप्रमाणे जळून त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. दोन्ही प्रकार दिसले तर ते कापड मिश्र आहे असे धरून चालावे. हा भेद किरकोळ नाही. कृत्रिम कापड पाणी शोषीत नाही, म्हणून तान्ह्या मुलाच्या दुपट्याला ते निरुपयोगी. आणि तापलेले भांडे उतरविण्यास त्याचे फडके केले तर ते वितळून हाताच्या कातडीला चिकटते. चुलीजवळ वापरावयाचे कापड निव्वळ सुतीच असले पाहिजे.

माया, ठिगळ आणि दंड

खरी काटकसर कापड फाटल्यावर नव्हे, तर शिवतानाच सुरू होते. वाढत्या मुलांचे कपडे शिवताना शिवणीच्या आत माया भरपूर सोडावी व खालची दुमड चार बोटे ठेवावी. शाळेचा गणवेश अशा रीतीने शिवला, तर पुढील वर्षी दुमड उसवून तोच वापरता येतो. शिंपी पुष्कळदा कापड वाचविण्यासाठी माया कमी ठेवतो. त्यास आधीच सांगून ठेवावे. सदऱ्याची कॉलर दुमडीवर झिजली असता ती उसवून, उलटवून पुन्हा बसविता येते. हे काम तासाभराचे असून त्याने सदऱ्याचे आयुष्य पुष्कळ वाढते.

ठिगळ लावताना बहुधा दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावणे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालच्या विरलेल्या कापडास ओढून आणखी फाडते. म्हणून ठिगळ जुन्याच, पण दमदार कापडाचे घ्यावे; नवे घ्यावयाचे असल्यास ते आधी धुऊन वाळवावे. दुसरी चूक धाग्यांच्या दिशेची. कापडातील उभा धागा बहुधा आडव्या धाग्यापेक्षा कमी ताणला जातो. म्हणून ठिगळाचा उभा धागा वस्त्राच्या उभ्या धाग्याशी जुळला पाहिजे. तिरपे बसविलेले ठिगळ दोन धुण्यांत चुण्या धरते. ठिगळ भोकापेक्षा चोहोबाजूंनी निदान दोन बोटे मोठे असावे, म्हणजे त्याचे टाके विरलेल्या भागात न पडता चांगल्या भागात पडतात. ते आतून लावावे, कडा दुमडून हेम घालावी व भोकाच्या कडाही आत वळवून शिवाव्यात.

मधोमध विरलेल्या लुगड्याला किंवा धोतराला दंड घालण्याची जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. विरलेला भाग कापून काढून उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांस जोडावयाचे, एवढेच ते काम. अलीकडे दंड घातलेले लुगडे नेसणे कमीपणाचे वाटू लागल्याने ही विद्या मागे पडली. परंतु अंथरावयाच्या चादरीला तीच युक्ती लागू पडते, आणि तेथे लाजेचा प्रश्न उद्भवत नाही. चादर मध्यभागी झिजते व कडा शाबूत राहतात. ती लांबीत मधोमध कापावी, कडेचे दोन्ही भाग आणून एकमेकांस जोडावेत व झिजलेले भाग बाहेर नेऊन दुमडून शिवावेत. चादर थोडी अरुंद होते खरी, पण तिचा भक्कम भाग अंगाखाली येतो.

हे काम केवळ स्त्रियांचे मानण्याचे कारण नाही. फाटके पोते दाभण व सुतळीने शिवणाऱ्या पुरुषास आपल्या सदऱ्याचे बटण लावता येऊ नये, हे नवल होय.

गोधडी

जुन्या सुती कापडाचा सर्वांत मोठा उपयोग गोधडीत होतो. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८ मीटर असते. त्याचे २-२ मीटरचे चार तुकडे करून ते एकावर एक ठेवले असता एका माणसाच्या गोधडीचे चार पदर एकाच लुगड्यात निघतात. अधिक रुंद गोधडी हवी असल्यास दोन लुगडी लागतात. सर्वांत दमदार तुकडे वर व खाली घ्यावेत आणि विरलेले मध्ये घालावेत. मधल्या पदरांस घासणे सोसावे लागत नाही. मात्र विरलेल्या कापडातही घाम व मळ राहू देऊ नये. सर्व तुकडे गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवूनच शिवण्यास घ्यावेत.

गोधडीची ऊब कापडाच्या जाडीत असते, त्याहून अधिक पदरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. टाके फार ओढून घातले तर पदर दाबले जाऊन ऊब कमी होते, आणि फार विरळ घातले तर धुताना मधले पदर गोळा होतात. म्हणून धावदोऱ्याच्या ओळी बोटभर अंतराने घालाव्यात व दोरा बेताने ओढावा. प्रथम चारी बाजूंनी कच्चे टाके घालून पदर सपाट बसवावेत. नंतर बाहेरच्या कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन असे मध्यभागाकडे जावे. त्यामुळे कडा आधी पक्क्या होतात. शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया आपली कवंदी याच क्रमाने, कडेकडून आत शिवीत जातात. दोरा दुहेरी घेऊन त्यावरून मेणाचा खडा फिरविला म्हणजे तो गुंतत नाही व लवकर झिजत नाही.

पाणी गाळण्याचे फडके

जुने कापड नव्यापेक्षा सरस ठरते असेही एक काम आहे. बांगलादेशातील मतलब भागात ६५ खेड्यांतून याची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नदी-तळ्याचे पाणी जुन्या सुती साडीच्या अनेक पदरांतून गाळून वापरणाऱ्या खेड्यांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. पटकीचे जंतू सुटे असताना कापडातून सहज जातात, परंतु ते पाण्यातील बारीक जीवांना चिकटून राहतात व हे जीव कापडात अडकतात. वारंवार धुतल्याने जुन्या सुताचे तंतू सुटून कापडाची छिद्रे बारीक होतात, म्हणून कोऱ्यापेक्षा जुने कापड अधिक चांगले गाळते. महाराष्ट्रातील ज्या खेड्यांत पूर्वी नारू होता, तेथील वडील मंडळींस पाणी गाळण्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला, व त्या यशात पाणी गाळण्याच्या सवयीचा वाटा होता.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फडके निदान चार पदरी, न विरलेले व निव्वळ सुती असावे. प्रत्येक वापरानंतर ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे आणि दुसऱ्या कशालाही वापरू नये. तसेच गाळणे हे निर्जंतुक करणे नव्हे. गाळलेल्या पाण्यातही क्लोरीनचे द्रावण घालावे किंवा ते उकळावे.

शेतातील उपयोग

कृत्रिम धाग्यांच्या साड्या गोधडीच्या मधल्या पदरांत घालण्यापेक्षा शेतात नेणे बरे. सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाचे बागायतदार उन्हाच्या चट्ट्यांपासून फळे वाचविण्यासाठी झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर सावलीसाठीही त्या चालतात. परंतु उन्हाने हे कापड कुजकट होऊन त्याचे धागे तुटू लागतात. ते मातीत व कडब्यात मिसळून जनावरांच्या पोटात जाण्यापूर्वी कापड काढून घ्यावे. खताच्या प्लॅस्टिक पोत्यांच्या तळवटाबाबतही हीच सावधगिरी हवी.

धान्याची तागाची पोती शिवण्यापूर्वी उलटी करून झटकावीत. सोंडे व इतर किडी शिवणीच्या दुमडीत दडून राहतात. पोती उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून उन्हात पुरी वाळवावीत व नंतरच ठिगळ लावावे. ओलसर पोत्यात भरलेले धान्य कीड नसतानाही बुरशीने जाते.

जे कापड घरात परत आणावयाचे नाही

येथवर सांगितलेली काटकसर एका जागी घातक ठरते. औषध चोळलेल्या बियाण्यांच्या पिशव्या, कीटकनाशकांची वेष्टने आणि फवारणीच्या वेळी घातलेले कपडे बोचक्यात कधीही जाता कामा नयेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. विष श्वासाप्रमाणेच कातडीवाटेही शरीरात जाते, आणि घामाने भिजलेले कापड ते अंगाशी धरून ठेवते. बियाण्याची पिशवी मजबूत व स्वच्छ दिसते म्हणून तिचे मुलाच्या अंथरुणाला अस्तर लावले, तर तोच संपर्क रात्रभर मुलाच्या अंगाशी राहतो. कितीही वेळा धुतली तरी अशी पिशवी धान्यास, पिठास किंवा अंथरुणास वापरू नये. कीटकनाशकांची रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही सांगितले आहे.

फाटका सदरा फवारणीला बरा, ही समजूतही सोडावी. ज्या भोकातून वारा जातो त्यातून फवाऱ्याचे थेंबही जातात. फवारणीसाठी जुना, पण न फाटलेला व पूर्ण बाह्यांचा एक जोड निराळा ठेवावा. फवारणी संपताच अंग साबणाने धुऊन तो बदलावा. हा जोड इतर धुण्यात न मिसळता, हातमोजे घालून, निराळ्या बादलीत गरम पाणी व साबण यांनी धुवावा. नदीवर किंवा विहिरीच्या थारोळ्यावर नेऊ नये, आणि वाळवावयाचा तोही निराळ्या दोरीवर. ज्या कपड्यावर पाणी न मिसळलेले औषध सांडले असेल तो धुण्याच्या भरीस न पडता टाकून द्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीत गोधडीचे व ठिगळाचे प्रात्यक्षिक ठेवल्यास त्याच बैठकीत हाही विषय घ्यावा. कपडे धुण्याचे व बोचके बांधण्याचे काम करणाऱ्या भगिनींनाच ही माहिती प्रथम मिळाली पाहिजे. एक सोपी खूण त्यांना दाखवावी. फवारणीच्या जोडाच्या कॉलरीवर व नाडीच्या पट्टीवर बाहेरून ठळक लाल दोऱ्याने फुलीचे टाके घालावेत, आणि तो जोड घराबाहेर निराळ्या खुंटीवर टांगावा. वर्षा-दोन वर्षांनी कपडा फाटला, बोचके निवडणारे हात बदलले, तरी लाल फुली दिसताच तो सदरा गोधडीच्या ढिगातून बाजूला काढला जाईल.