होडीची तपासणी व जलपर्णीचा प्रतिबंध

शेतांतील तण आपण वेळेवर खुरपून काढतों. पाण्यांतील तणाकडे मात्र तें हाताबाहेर गेल्यावरच आपलें लक्ष जातें. जलपर्णी, जिला कित्येक ठिकाणीं केंदाळ म्हणतात, ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील. जांभळ्या फुलांच्या शोभेकरितां ती देशोदेशीं नेली गेली. बंगाल्यांत तिनें जलमार्ग व भातखाचरें इतकीं व्यापिलीं कीं, १९३६ सालीं तेथें तिच्याकरितां स्वतंत्र कायदा करावा लागला. आज कल्याणजवळ उल्हास नदींतही ती दृष्टीस पडते.

आपल्या मासवणच्या बंधाऱ्यावरून सूर्या नदीचें पाणी पालघरास पिण्याकरितां जातें. सूर्येच्या कालव्यांवर कित्येकांचें उन्हाळी पीक उभें असतें. जलपर्णी येथें माजल्यास पंपाच्या जाळीस मुळ्या गुंतून पाणी खेंचणार नाहीं, पाट तुंबतील, मासे गुदमरतील व डांसांस आसरा मिळेल.

एका रोपानें काय होणार, असें कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत बाकीचे हिशेब लिहिले आहेत. लहान बाकी दुर्लक्षानें कशी फुगते हें त्यास ठाऊक आहे. अनुकूल हवेंत जलपर्णी सुमारें दोन आठवड्यांत दुप्पट होते. जागा व पोषण मिळत गेल्यास एका रोपाचीं २६ आठवड्यांत ८,१९२ रोपें होतील! शिवाय बीं तळच्या गाळांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें.

खाडीच्या खाऱ्या पाण्यांत ती टिकत नाहीं. म्हणून भय खाडींतून येणाऱ्या होडीपेक्षां टेंपोवर चढून रस्त्यानें येणाऱ्या होडीचें, जाळ्याचें व उसन्या पंपाचें अधिक आहे.

यास्तव बाहेरची होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं कांठापासून दूर कोरड्या जागीं थांबवावी. बूड, सुकाणूं, वल्हीं, यंत्राचा पंखा, दोर, नांगर व जाळें हात फिरवून पाहावें. चिकटलेला गाळ खरवडावा. होडींतील पाणी ओढ्यांत न सोडतां जमिनीवर ओतावें. मग सर्व सामान उन्हांत पूर्ण वाळवावें. निघालेलीं रोपें पुराचें पाणी पोंचणार नाहीं अशा जागीं वाळवून जाळावीं.

अमेरिकेंतील मोठ्या सरोवरांत १९८८ सालीं परदेशी झेब्रा शिंपला आढळला. तो पसरूं नये म्हणून तेथें कित्येक ठिकाणीं होड्या वाटेंत थांबवून तपासतात व पहिला प्रश्न हाच विचारतात कीं, ही होडी मागें कोणत्या पाण्यांत होती? आपणही घाटावर एक वही ठेवावी. तींत तारीख, होडी कोठून आली व कोणी तपासली, एवढीं तीन कलमें पुरेत.

होडीवाल्यास या कामीं अर्धा तास खोटी होईल, व तो कुरकुरेलही. त्याजवर संशय घेऊं नये. गोडीनें सांगून आपण स्वतः हात लावावा. नदी एकदां भरली म्हणजे तो अर्धा तास सर्व गांवास वर्षानुवर्षें फेडावा लागतो.