बांध्या, तलाव आणि जांभळी रेघ

एप्रिलचे दिवस होते. गोंदियाजवळच्या बिरसीहून नागपूरकडे माझं एकट्याचं उड्डाण, सरळ रेषेत सुमारे ७४ सागरी मैल. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगलात पालापाचोळा जाळतात, त्यामुळे या दिवसांत आमच्याकडचं आभाळ धुरकट असतं. खालचं दिसतं, पुढचं दिसत नाही. मांडीवर बांधलेल्या टॅबवर मार्गाची जांभळी रेघ होती आणि मी विमान तिच्यावर धरून होतो. कागदी नकाशा बाजूच्या सीटवर घडी करून पडलेला. वैनगंगा ओलांडली तेव्हा घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तुमसरच्या आसपास टॅब काळा पडला. समोरच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने तो तापून बंद झाला होता.

खाली तलाव होते, नुसते तलाव. मालगुजारीच्या काळातले मामा तलाव भंडाऱ्यात गावोगावी आहेत, आणि वरून सगळे सारखे दिसतात. त्यातून एप्रिलमध्ये ते अर्धे आटलेले, म्हणजे नकाशावरच्या आकाराशी जुळणं अवघडच. मी नकाशावरचा एक लांबट तलाव धरला आणि खाली तो सापडलासुद्धा. दोन मिनिटांनी तसाच दुसरा सापडला. घाबरलेल्या माणसाला हवा तोच तलाव दिसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. एकेका तलावामागे वळत नऊ मिनिटं घालवली, आणि लाजेपोटी रेडिओवर एक शब्द बोललो नाही. आजही मला टॅब बंद पडल्यापेक्षा त्या नऊ मिनिटांचीच जास्त भीती वाटते.

शेवटी एकच गोष्ट नक्की ठाऊक होती: नदी माझ्या पूर्वेला आहे. होकायंत्रावर ९० अंश धरले आणि बाकी काही न शोधता सरळ गेलो. वैनगंगा आली, पात्र रुंद, शेजारी शेजारी दोन पूल. भंडाऱ्याजवळचं कारधा! म्हणजे मी बराच दक्षिणेला भरकटलो होतो. तिथून नदी धरून उत्तरेला रेल्वेपुलापर्यंत गेलो आणि रुळांच्या सोबतीने गोंदियाकडे परतलो.

म्हणून शिकणाऱ्यांना सांगतो, तलावावरून जागा ठरवू नका. पावसाळ्यात तर धानाच्या बांध्याही तलावच वाटतात. नदी, रूळ, महामार्ग अशी लांबलचक खूण निवडा. ९० नॉटने बिरसीहून निघालात तर साधारण १८व्या मिनिटाला वैनगंगा यायला हवी. ती आली की वेळ पेन्सिलने लिहा. हरवल्याची शंका आली की लगेच रेडिओवर सांगा.

टॅब थंड ठेवला म्हणजे भागलं असंही नाही. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा संकेत खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो की कुणीही तो दाबू शकतं किंवा त्याजागी खोटा पाठवू शकतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या विमानांना असे खोटे संकेत मिळाले. उंचीचंही तसंच. आपल्या उन्हाळ्यात जीपीएसची उंची आणि दाबमापक अल्टिमीटरची उंची यांत शे-दोनशे फुटांचा फरक सहज पडतो. आभाळातली बाकीची विमानं अल्टिमीटरवर उडतात, तुम्हीही त्यावरच उडा.

आणि तारा. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाजवळ, याच वैनगंगेवर, एक प्रशिक्षण विमान नदीवर ताणलेल्या तारेला धडकून कोसळलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले. पडद्यावर नदी निळी आणि मोकळी दिसते, पण काठापासून काठापर्यंत गेलेली बारीक तार पडद्यावर असेलच असं नाही. नदी धरून उडा, पण उंची सोडू नका.

आता मी शेजारच्या सीटवर बसतो. वैनगंगा खाली आली की विद्यार्थ्याचा टॅब पालथा घालतो आणि विचारतो, ‘किती वाजले? पुढचे रूळ कुठल्या बाजूला?’