चालण्यासाठी वचन कसे मागावे?



येत्या २० डिसेंबरला आपली शाळा ५ किलोमीटर चालणार आहे. त्या दिवशी गाडगे महाराजांची पुण्यतिथी असते. ते २० डिसेंबर १९५६ रोजी वारले. चालून जमलेले पैसे मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे तिथे पाठवायचे आहेत. तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कमी पैशांत राहतात. माझी आत्या आजारी होती तेव्हा तिथेच राहिली होती. ती म्हणते, "ती जागा नसती तर आम्ही फुटपाथवरच झोपलो असतो गं."

पहिल्या दिवशी मी तीन घरी गेले आणि "वर्गणी द्या" म्हणाले. तिन्ही घरी एकच उत्तर मिळाले, "आत्ताच तर गणपतीची दिली की!" मी रडतच घरी आले. मग गुरुजींनी आम्हांला टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली.

टेरी फॉक्स कॅनडात राहत होता. हा देश अमेरिकेच्या उत्तरेला आहे. १८ वर्षांचा असताना त्याला हाडाचा कॅन्सर झाला. १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशभर धावायला निघाला. रोज सुमारे ४२ किलोमीटर धावायचा. त्याने लोकांकडे जास्त मागितले नाही. माणशी फक्त १ डॉलर मागितला. वाटेत सुमारे १०,००० वस्तीचे एक गाव लागले. त्या गावाने १०,००० डॉलरपेक्षा जास्त दिले! एका हॉटेलवाल्याने मैलाला २ डॉलर देण्याचे वचन दिले आणि आणखी ९९९ कंपन्यांनाही तसेच करायला सांगितले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार पुन्हा वाढला आणि टेरीला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो वारला. पण त्याच्या आधीच, फेब्रुवारी १९८१ पर्यंत, २ कोटी ४० लाख डॉलर जमले होते. तेव्हा कॅनडाची लोकसंख्याही जवळजवळ तेवढीच होती.

यावरून आम्ही शिकलो की नुसते पैसे मागू नयेत. थोडे मागावे, नक्की सांगावे, आणि आधी आपण कष्ट करावेत. मग आम्ही पुढील युक्त्या काढल्या.

१) वचनवही : वहीत नाव लिहायचे आणि किलोमीटरला किती ते लिहायचे. पैसे आत्ता घ्यायचे नाहीत. चालून झाल्यावरच घ्यायचे. जेवढे चाललो तेवढेच मागायचे. आपल्या गावात २१० घरे आहेत. प्रत्येक घराने किलोमीटरला १ रुपया दिला तर २१० × ५ = १,०५० रुपये होतात.

२) मूठभर धान्य : शेजारची आजी म्हणाली, "पैसा नाय बाळा माझ्याकडं." मी म्हणाले, "आजी, किलोमीटरला एक मूठ ज्वारी द्या." तिने लगेच ५ मुठी लिहून घ्यायला लावल्या. जमलेली ज्वारी गुरुजी बाजारात विकणार आहेत.

३) आधी झाडू : गाडगे महाराज गावात गेले की आधी झाडू घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. आम्ही पण किराणा दुकानापुढचे अंगण झाडले, मग वही पुढे केली. काकांनी किलोमीटरला २ रुपये लिहिले.

४) एकाने दहांना सांगणे : डेअरीवाल्या दादांनी किलोमीटरला ५ रुपये लिहिले. "दूध घालणाऱ्या प्रत्येकाने १ तरी लिहावा" असे त्यांनी फळ्यावर लिहून ठेवले. आत्तापर्यंत १४ जणांनी लिहिले आहे.

५) पाऊलपट्टी : या भित्तिपत्रकाच्या खाली कागदाची पावले चिकटवली आहेत. प्रत्येक वचनाचे एक पाऊल. पावलावर फक्त नाव असते, रक्कम लिहायची नाही. म्हणजे थोडे देणाऱ्याला वाईट वाटत नाही.

कोणाला जबरदस्ती करू नये. ज्यांना देता येत नाही त्यांनी वाटेत पाणी द्यायला उभे राहिले तरी चालेल. सगळा हिशोब २४ डिसेंबरला याच भिंतीवर लावू. हिशोब दाखवला नाही तर पुढच्या वर्षी कोण देईल?

आमच्या वहीत पहिले नाव आत्याचे आहे. तिने रुपये लिहिले नाहीत. "शेवटचे अर्धा किलोमीटर मी चालेन," असे लिहिले आहे. डॉक्टरांनी तिला हळू चालायला परवानगी दिली आहे. आम्ही पण तिच्याबरोबर हळू चालू.

पालकांनो, वचनवही गुरुजींच्या टेबलावर आहे. घरी जाण्याआधी एक पाऊल चिकटवून जा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी