गिअरची वायर बदलायला किती पैसे द्यावेत?

गिअर पडत नाही म्हणून सायकल दुकानात नेली की बहुतेक वेळा एकच उपाय होतो. मेकॅनिक मागचं चाक उचलतो, पेडल फिरवतो, दोन स्क्रू पिळतो आणि ‘सेटिंग’चे पन्नास-शंभर रुपये घेतो. आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. वर्षात असे चार-पाच फेरे झाले की वायरी आणि आऊटर नवे टाकायला जेवढे लागले असते तेवढे पैसे सेटिंगमध्येच जिरतात. काही दुकानांत याच्या अगदी उलट सल्ला मिळतो: मागचं मशीनच गेलंय, नवं टाका. म्हणजे सरळ हजार-पंधराशेचं काम. खरा दोष बहुधा दोन्हीकडे नसतो. तो वायर ज्या नळीतून जाते त्या आऊटरमध्ये असतो आणि तिकडे कोणी बघत नाही.

सात गिअरच्या साध्या सायकलीत शिफ्टरच्या एका क्लिकला वायर जेमतेम तीन मिलिमीटर सरकते. एवढ्याशा हालचालीवर चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर जायची असते. आऊटर आतून गंजलेला, टोकाला चेपलेला किंवा धुळीने भरलेला असेल तर त्यातला एखादा मिलिमीटर वाटेतच हरवतो. मग स्क्रू कितीही पिळा, एक गिअर जागेवर आला की दुसरा बिघडतो.

दोष वायरीचा आहे की नाही, हे घरीच ओळखता येतं. मोठ्या चकतीवर चेन नीट चढते, पण लहानकडे उतरताना अडते, दोन क्लिक दिल्यावर एकदम धाडकन पडते, असं होत असेल तर वायर आऊटरमध्ये अडकते आहे असं समजा. चढताना वायर आपला अंगठा ओढतो, उतरताना मात्र मागच्या मशीनची स्प्रिंग ओढते, आणि तिच्यात एवढा जोर नसतो. चढताना-उतरताना दोन्हीकडे सारखाच गोंधळ असेल तर मशीन ज्या पत्र्यावर बसतं तो हँगर वाकलेला असू शकतो. शाळेच्या सायकल स्टँडवर सायकल उजव्या कुशीवर पडली की हमखास हे होतं. तिथे नवी वायर टाकून उपयोग नाही. तिसरी शंका चेनची. पट्टी लावून चेनच्या बारा पूर्ण कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर बारा इंच भरतात. इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर चेन गेली, आणि बहुधा सोबत फ्रीव्हीलही.

आता आऊटर पाहा. मागच्या चाकाजवळ मशीनला जाणारा वीत-सव्वा वीत लांबीचा वळलेला तुकडा सगळ्यात आधी मरतो, कारण चिखल आणि पाणी थेट त्याच्या तोंडाशी उडतं. वरचं प्लास्टिक तडकलेलं दिसेल, टोपीच्या बाहेर बारीक तारांची टोकं डोकावताना दिसतील, टोपी काढली तर आतून तांबूस पाणी येईल. यापैकी काहीही दिसलं तर सेटिंगवर आणखी एक रुपया घालू नका. दुसरी जागा शिफ्टरच्या आतली. तिथे वायरीचे एकेक पदर तुटत जातात आणि बाहेरून काही कळत नाही. क्लिक अचानक मऊ, भुसभुशीत लागू लागली की ती वायर थोड्याच दिवसांची सोबती.

भावाचं बोलू. खाली दिलेले आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक थोडा फरक पडेल, पण याच्या दुप्पट कोणी सांगत असेल तर का, ते विचारा. साधी गिअर वायर, म्हणजे इनर, तीस ते ऐंशी रुपयांत मिळते. शिमानोसारख्या कंपनीची स्टेनलेस स्टीलची वायर दीडशे ते अडीचशेला. साधा आऊटर मीटरला चाळीस ते ऐंशी रुपये, आत प्लास्टिकचं अस्तर असलेला चांगला आऊटर दीडशे ते अडीचशे. टोकाच्या टोप्या पाच-दहा रुपयांना एक. फ्रेमवर मधल्या भागात वायर उघडी जात असेल तर दोन्ही गिअरना मिळून सुमारे दोन मीटर आऊटर पुरतो. आऊटर सलग शेवटपर्यंत जात असेल तर तीन ते साडेतीन मीटर धरा. मजुरी गावातल्या दुकानात एका वायरीला पन्नास ते शंभर, मोठ्या शोरूममध्ये दीडशे ते तीनशे.

म्हणजे सगळा साधा माल टाकला तर काम चारशेच्या आसपास होतं, आणि सगळा भारी टाकला तर हजार-अकराशेपर्यंत जातं. माझं मत असं, की दोन्ही करू नका. मागच्या गिअरला चांगली इनर आणि अस्तराचा आऊटर टाका, कारण सात गिअर सांभाळायचं नाजूक काम त्याच्याकडे आहे. पुढच्या गिअरला तीनच जागा असतात, तिथे साधा माल चालतो. असं केलं तर सातशेच्या आत काम बसतं आणि फरक कळतो तो मागच्याच गिअरमध्ये. दहा हजारांच्या सायकलीवर अकराशेचा केबल सेट चढवणं ही हौस झाली.

शिवाय पुढचा गिअर हवाच का, हाही प्रश्न विचारून बघा. गेवराई-माजलगावकडच्या गंगथडीत, सपाट काळ्या रानातल्या रस्त्यांवर, शाळेत जाणारी मुलं पुढचा शिफ्टर वर्षानुवर्षं हलवत नाहीत. तिथे पुढची चेन मधल्या चकतीवर ठेवून फक्त मागची वायर बदलली तरी बिघडत नाही. खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. बालाघाटावर मात्र ही काटकसर अंगाशी येईल. पाटोदा, धारूर, अंबाजोगाई भागात किंवा बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना पुढची लहान चकती लागतेच. घाटात मागची वायर तुटली तर स्प्रिंग चेनला सगळ्यात लहान चकतीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर नेऊन ठेवते. अशा वेळी पुढचा गिअर एकवर घ्या. त्यानेही भागलं नाही तर मागच्या मशीनवरचा ‘एच’ अक्षराचा स्क्रू आत पिळा. चेन एखादी चकती वर सरकून थोडा हलका गिअर मिळतो आणि घर गाठता येतं.

आपल्याकडे आऊटर लवकर का मरतो, तर धूळ. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेनं उडणारी माती, परळीच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राच्या राखेची भर, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिकट गारा. यावर लोक जो उपाय करतात तोच घातक ठरतो. आऊटरमध्ये गाडीचं जळकं ऑइल सोडलं की दोन दिवस वायर पळते, मग त्याच तेलाला धूळ चिकटून लगदा होतो. अस्तराच्या आऊटरला तेलाची जवळपास गरजच नसते. घालायचंच तर पातळ तेलाचे एक-दोन थेंब, इनरवर पुसून. मोटारसायकल धुण्याच्या सेंटरवर सायकल प्रेशरच्या पाण्याखाली धरण्याची पद्धत तर बंदच करा. ते पाणी टोप्यांमधून थेट आऊटरमध्ये शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते.

दुकानात बसून काम करून घेणार असाल तर एका गोष्टीवर नजर ठेवा. ब्रेकचा आऊटर आणि गिअरचा आऊटर एक नव्हे. ब्रेकचा साधारण पाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरचा चार मिलिमीटरचा, आणि त्यात बारीक तारा लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ गेलेल्या असतात, म्हणून तो दाबला जात नाही. दुकानात ब्रेकचं भेंडोळं हाताशी असलं की तेच कापून गिअरला लावलं जातं. मग आऊटर स्प्रिंगसारखा दबतो आणि ते तीन मिलिमीटर तिथेच हरवतात. उलटा प्रकार तर जिवावर बेतणारा. गिअरचा आऊटर ब्रेकला लावला तर जोरात ब्रेक दाबताना तो फाटू शकतो. कापलेलं टोक स्वतः पाहा. स्प्रिंग दिसली तर थांबवा. इनरचंही तसंच. गिअरची वायर बारीक, सुमारे 1.2 मिलिमीटर, आणि तिचं डोकं लहान. ब्रेकची दीड मिलिमीटरच्या पुढे आणि डोकं मोठं.

दुसरी खोट कापण्यात होते. पकडीने आऊटर कापला की टोक चेपतं आणि अस्तर बंद होतं. केबल कटर नसेल तर निदान कानशीने टोक सपाट करून दाभणाने अस्तराचं भोक मोकळं करायला सांगा. मिनिटभराचं काम आहे, पण गिअर हलका चालेल की जड, ते इथेच ठरतं. लांबीही पाहा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर आऊटर ताणला जाऊ नये आणि मागच्या तुकड्याला सहज गोलाई मिळावी. जुना तुकडा समोर ठेवून त्याच मापाने नवा कापणं सगळ्यात बरं, अर्थात जुना मुळात बरोबर होता असं धरून.

घरात दोन-तीन गिअरच्या सायकली असतील तर हे काम स्वतः शिकण्यात फायदा आहे. केबल कटर साधारण तीनशे ते सातशेला मिळतो, पाच मिलिमीटरची एल-की बहुतेक घरांत असतेच. शिफ्टर सगळ्यात मोठ्या आकड्यावर आणून जुनी वायर मागून ढकलली की डोकं बाहेर येतं. नवी त्याच वाटेने ओवायची, चेन सगळ्यात लहान चकतीवर असताना हाताने ताणून नटाखाली आवळायची. मग पेडल फिरवत मागच्या मशीनवरची गोल चाकी पाव-पाव फेरा फिरवायची. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर घड्याळाच्या उलट दिशेने, उतरायला कुरकुरत असेल तर सुलट. मूठ फिरवून गिअर बदलणाऱ्या शिफ्टरमध्ये वायर ओवणं मात्र डोकेदुखीचं आहे. तेवढं दुकानात करून घेतलेलं बरं.

नवी वायर आणि आऊटर पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात टोप्यांमध्ये बसतात, त्यामुळे गिअर एकदा पुन्हा थोडे हलतात. हा बिघाड नव्हे. पैसे ठरवतानाच ‘पंधरा दिवसांनी एक सेटिंग फुकट’ असं बोलून घ्या.

मानव विकास योजनेतून मुलींना मिळणाऱ्या सायकली बिनगिअरच्या असतात, त्यांना हा खर्च लागू नाही. तिथे फक्त ब्रेक पाहावा लागतो.

शेवटचं, बिलाचं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. पाकिटावरच्या एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यावर ‘टॅक्स वेगळा’ म्हणून कोणी मागू शकत नाही. ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्याला तर कर लावण्याचा अधिकारच नाही. काम सुरू करण्याआधी इनर, आऊटर, टोप्या आणि मजुरी असे चार आकडे वेगळे विचारा, आणि जुना माल परत मागून घ्या, म्हणजे आऊटर खरंच बदलला की नुसती इनर, ते हातात दिसेल. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.