भाषा अनेक, उत्तर एक : कीड-नोंदींच्या विश्लेषणातील मुक्त कोड-उदाहरणे

बंगळुरूच्या चिकपेट कापडबाजारात कन्नड, तमिळ, हिंदी, मराठी अशा अनेक भाषा कानी पडतात. गिऱ्हाईक कोणत्याही भाषेत बोलले, तरी मीटरपट्टी बदलत नाही. संख्याशास्त्राच्या साधनांकडूनही हीच अपेक्षा असते. एकच उदाहरण आर, पायथन किंवा एक्सेलमध्ये सोडवले, तरी उत्तर एकच यावे. प्रत्यक्षात नेहमी तसे होत नाही आणि त्याचा परिणाम थेट फवारणीच्या शिफारशीवर होऊ शकतो.

अशी उदाहरणे सहकार्याने लिहिण्याचे काम आपल्याकडेही चालते. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विविध ठिकाणचे विद्यार्थी व शिक्षक पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅब, पायथन, आर अशा मुक्त भाषांत लिहितात. तपासणीनंतर ती सर्वांसाठी खुली केली जातात. या तपासणीचे महत्त्व कीटकशास्त्रातील एका उदाहरणावरून स्पष्ट होते.

आर प्रणालीत ‘इन्सेक्टस्प्रेज’ हा माहितीसंच सोबतच मिळतो. सहा कीटकनाशकांच्या प्रत्येकी १२, म्हणजे एकूण ७२ कीड-नोंदींचा हा संच १९४२ साली ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकातील लेखातून घेतलेला आहे. त्यातील ‘क’ (तिसऱ्या) कीटकनाशकाच्या नोंदी अशा : ०, १, ७, २, ३, १, २, १, ३, ०, १, ४. सरासरी सर्वत्र २.०८ येते. प्रमाण विचलन मात्र आरमध्ये १.९८, तर पायथनच्या नमपाय संचात १.८९ येते.

दोन्हींपैकी कोणतीही प्रणाली सदोष नाही. आर वर्गांच्या बेरजेला ११ ने भागते, नमपाय वेगळी सूचना न दिल्यास १२ ने. नोंदी हा शेताचा नमुना असतो आणि सरासरीही त्याच नोंदींवरून काढलेली असते. म्हणून येथे नोंदींच्या संख्येतून १ वजा करून भागणे योग्य. एक्सेलमध्ये त्यासाठी ‘एसटीडीईव्ही.एस’ वापरावे, ‘एसटीडीईव्ही.पी’ नव्हे. बारा नोंदींत हा फरक सुमारे ४ टक्के असला, तरी चार पुनरावृत्तींच्या प्रयोगात तो १३ टक्क्यांवर जातो. विचलन कमी दिसल्याने दोन औषधांतील किरकोळ फरकही खात्रीचा वाटू लागतो आणि शेतकऱ्याच्या माथी महागडे औषध बसते.

दुसरी चूक लॉगॅरिथममध्ये होते. एक्सेलचे ‘लॉग’ सूत्र १० साठी १ देते. आर व नमपाय २.३०३ देतात, कारण तेथे पाया १० नसून ‘ई’ असतो. एका पायावर समीकरण मांडून दुसऱ्या पायाने मात्रा परत काढल्यास निम्म्या किडी मारणारी मात्रा (एलसी ५०) पूर्णपणे चुकते.

यासाठी कोड-उदाहरण देताना वा घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

१. मूळ नोंदी उदाहरणासोबत असाव्यात.
२. भाजक आणि लॉगचा पाया स्पष्ट लिहिलेला असावा.
३. प्रणालीची आवृत्ती नमूद असावी.
४. अपेक्षित उत्तर आधी कागदावर काढून सोबत द्यावे.
५. दुसऱ्या भाषेतील कोड दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे चालवून पाहावा.

दोन उत्तरे जुळली नाहीत, तर सोयीचे उत्तर निवडू नये. फरकाचे कारण सापडेपर्यंत शिफारस थांबवावी.